जुन्या हार्ड डिस्कवरचं कंपनीचं छुपं रिकव्हरी पार्टिशन कसं काढायचं?

मोकळी_जागा

दोन जुन्या डिस्क आहेत. दोन्हींवर लॅपटॉप कंपनीने स्वतःसाठी राखून ठेवलेली जागा मोकळी करायची आहे.

पहिली ५०० जीबीची, अडीच इंची साटा, एमबीआर (जुन्या प्रकारचं पार्टिशन टेबल) पद्धतीची. मूळ विंडोज ७, त्यावरच अपग्रेड करून विंडोज १०. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डावीकडून असं दिसतं: ३९ एमबी (ओईएम), १४.६५ जीबी (रिकव्हरी, सिस्टम, अ‍ॅक्टिव्ह), ४५१.०७ जीबी (सी). मधल्यावर राइट क्लिक केलं की मेनूत फक्त 'हेल्प' येतं. डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं कमांडने चालणारं पार्टिशन टूल) साधं डिलीट केलं तर 'फोर्स प्रोटेक्टेड' पॅरामीटरशिवाय संरक्षित पार्टिशन काढता येणार नाही, असा संदेश येतो.

दुसरी ८० जीबीची. तिच्यात पार्टिशन एकच दिसतं, पण एकूण आकार ७०.५ जीबी. या आकाराच्या डिस्कमध्ये विंडोज ७४.५ दाखवतं. उरलेले ४ जीबी कुठल्याच टूलमध्ये दिसत नाहीत, अगदी 'अनअलोकेटेड' म्हणूनही नाही.

दोन्हींवरचा डेटा दुसरीकडे उतरवून झालाय. पहिली डिस्क त्याच लॅपटॉपमध्ये चालू ठेवायची आहे, दुसरी नुसती साठवणीला.

---

सेक्टर६३

या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत. पहिल्या डिस्कवरचं पार्टिशन 'छुपं' आहे म्हणजे पार्टिशन टेबलमध्ये त्याची नोंद आहे, फक्त प्रकाराचा आकडा असा दिलाय की विंडोज त्याला ड्राइव्ह लेटर देत नाही. दुसऱ्या डिस्कवर बहुतेक एचपीए म्हणजे होस्ट प्रोटेक्टेड एरिया आहे. तिथे डिस्क स्वतःच आपला आकार कमी सांगते, त्यामुळे वरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला ती जागा असल्याचा पत्ताच लागत नाही. तिच्याकडे नंतर येऊ.

पहिलीबद्दल. डिस्कपार्टमध्ये हे बघा (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत):

लिस्ट डिस्क
सिलेक्ट डिस्क ०
डिटेल डिस्क
लिस्ट पार्टिशन
सिलेक्ट पार्टिशन २
डिटेल पार्टिशन

'डिटेल डिस्क'मध्ये मॉडेलचं नाव येतं. आपण योग्य डिस्कवर आहोत याची खात्री त्यावरून करायची, क्रमांकावरून नाही. यूएसबीची डिस्क काढली-लावली की क्रमांक बदलतात. 'डिटेल पार्टिशन'मध्ये टाइप दिसेल. २७ म्हणजे विंडोजचं छुपं रिकव्हरी, १२ म्हणजे जुन्या कॉम्पॅक-एचपी आणि थिंकपॅडवर सापडणारं रिकव्हरी किंवा तपासणीचं पार्टिशन, डीई म्हणजे डेलचं छोटं तपासणीचं पार्टिशन. तुमचं ३९ एमबीचं हेच असणार. १७ आणि १सी म्हणजे अनुक्रमे लपवलेलं एनटीएफएस आणि फॅट३२.

काढायची कमांड एका ओळीची आहे:

डिलीट पार्टिशन ओव्हरराइड

पण ती आत्ता चालवू नका. तुमच्या मधल्या पार्टिशनवर 'सिस्टम, अ‍ॅक्टिव्ह' लिहिलंय आणि खरी गोम तिथेच आहे.

---

बूटरेकॉर्ड

सेक्टर६३ यांनी नेमकं बोट ठेवलंय. 'सिस्टम, अ‍ॅक्टिव्ह' याचा अर्थ विंडोज सुरू करणाऱ्या फायली, म्हणजे बूटएमजीआर आणि बीसीडीचं फोल्डर, सी वर नाहीत, त्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये आहेत. विंडोज ७ च्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपांत कंपनीने अशीच मांडणी केलेली असे.

चालू विंडोजमधून डिस्कपार्ट हे पार्टिशन ओव्हरराइड देऊनही काढू देत नाही, कारण ते चालू सिस्टमचं आहे. लोक मग काय करतात, तर इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून बूट करतात किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला जोडतात. तिथे ही आडकाठी नसते. पार्टिशन विनातक्रार जातं, आणि पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर बूटएमजीआर नसल्याचा किंवा ऑपरेटिंग सिस्टमच न सापडल्याचा संदेश येतो.

म्हणून आधी बूटच्या फायली सी वर आणायच्या. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. आधी नुसतं 'बीसीडीएडिट' चालवा. 'विंडोज बूट मॅनेजर' या भागात 'डिव्हाइस'पुढे 'पार्टिशन=सी:' असेल तर फायली सी वरच आहेत. 'हार्डडिस्कव्हॉल्यूम'ला जोडून आकडा असेल तर त्या दुसरीकडे आहेत. तुमच्याकडे दुसरा प्रकार दिसेल. मग:

रीएजंटसी /इन्फो
रीएजंटसी /डिसेबल
बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी: /एफ बायोस

पहिली कमांड विंडोजची स्वतःची रिकव्हरी (विनआरई) कुठे आहे ते सांगते. दुसरी ती बंद करते आणि तिची फाइल सी वरच्या सिस्टम३२ मधल्या रिकव्हरी फोल्डरात परत आणते. ही पायरी गाळली आणि विनआरई त्याच पार्टिशनमध्ये असली तर पार्टिशनसोबत तीही गेली. तिसरी कमांड बूटच्या फायली सी वर तयार करते.

आता डिस्कपार्टमध्ये डिस्क ० आणि पार्टिशन ३ निवडून 'अ‍ॅक्टिव्ह' ही कमांड द्या. एमबीआरमध्ये एका वेळी एकच पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह असायला हवं. डिस्कपार्ट आधीच्यावरची खूण आपोआप काढतं.

यानंतर काहीही न काढता मशीन रीस्टार्ट करा. ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि बहुतेक ठिकाणच्या कृतींत नेमकी तीच नसते. विंडोज चालू झालं आणि बीसीडीएडिटमध्ये 'पार्टिशन=सी:' दिसलं, तर रिकव्हरी पार्टिशनवर आता काहीच अवलंबून नाही. चालू झालं नाही, तर पेनड्राइव्हवरून बूट करून पार्टिशन २ पुन्हा अ‍ॅक्टिव्ह करा, सगळं होतं तसं परत येतं. पार्टिशन काढल्यानंतर ही परतीची वाट उरत नाही.

रीस्टार्ट नीट झाला की २ आणि १ दोन्ही ओव्हरराइड देऊन काढा. शेवटी 'रीएजंटसी /इनेबल'. वेगळं रिकव्हरी पार्टिशन नसेल तर विनआरई सी वरच्याच छुप्या रिकव्हरी फोल्डरात जाऊन बसते आणि तिथून नीट चालते.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर हे सगळं करण्याआधी तो तात्पुरता थांबवा ('सस्पेंड प्रोटेक्शन'). नाहीतर बूटच्या फायली बदलल्या म्हणून तो ४८ अंकी रिकव्हरी की मागत बसेल.

---

चकती_वाचक

या सगळ्याच्या आधी डिस्कची तब्येत बघा. जुन्या डिस्कवर पार्टिशन हलवणं म्हणजे तिच्या प्रत्येक सेक्टरची परीक्षा असते. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून 'स्मार्टसीटीएल -ए' चालवा किंवा विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो वापरा. बघायच्या नोंदी चार: ५ (बदली दिलेले सेक्टर), १९७ (वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले), १९८ (तपासणीत दुरुस्त न झालेले) आणि १९९ (केबलवरच्या चुका). १९९ वाढलेला असेल तर आधी केबल किंवा कनेक्टर बदला, डिस्क बरी असू शकते. १९७ शून्य नसेल तर पार्टिशनचा विषय सोडा. आधी डीडीरेस्क्यूने संपूर्ण डिस्कची प्रत काढा.

कुठलंही पार्टिशन काढण्याआधी टेबलची नोंद कागदावर घ्या. लिनक्समध्ये 'एसएफडिस्क -डी' सगळ्या पार्टिशनांचे सुरुवातीचे सेक्टर, लांबी आणि प्रकार एका छोट्या मजकूर फाइलमध्ये देतं. ही फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवा. 'डिलीट पार्टिशन' फक्त टेबलातली नोंद काढतं, आतला डेटा जागच्या जागी असतो. त्यामुळे चुकीचं पार्टिशन उडालं तरी त्या जागेवर काही लिहिलं नसेल, तर ही फाइल परत भरून किंवा टेस्टडिस्कने शोधून ते परत आणता येतं. त्याच जागेवर नवीन पार्टिशन करून फॉरमॅट मारलं की काम अवघड होत जातं.

आणखी एक, मूळ विंडोज ७ कधी लागणार असेल तर रिकव्हरी पार्टिशनची इमेज काढून ठेवा, १५ जीबी म्हणजे काही फार नाही. लायसन्सची भीती मात्र नको. विंडोज ७ ची की लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवर असते, विंडोज ८ पासून पुढच्या मशीनांत ती बायोसच्या एमएसडीएम टेबलात असते. पार्टिशन काढल्याने ती जात नाही.

---

मोकळी_जागा

नोंद ५ आणि १९७ दोन्ही शून्य. बीसीडीबूट, अ‍ॅक्टिव्ह, रीस्टार्ट झालं. बीसीडीएडिटमध्ये 'पार्टिशन=सी:' दिसतंय. दोन्ही पार्टिशनं काढली, विंडोज नीट चालू होतंय.

पण 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट आहे. १४.६९ जीबी अनअलोकेटेड समोर दिसतंय, तरी सी मध्ये घेता येत नाही.

---

सेक्टर६३

विंडोज पार्टिशन फक्त उजवीकडे वाढवतं, तेही मोकळी जागा अगदी लागून असेल तर. तुमची जागा डावीकडे आहे. सी ची सुरुवात मागे सरकवायला आतली प्रत्येक गोष्ट मागे उचलून ठेवावी लागते. ते काम लिनक्स लाइव्हवरचं जीपार्टेड हे पार्टिशन टूल करतं, विंडोजची स्वतःची टूल्स करत नाहीत.

माझं प्रामाणिक मत: १४.६९ जीबीसाठी हे करू नका. तिथे नवीन पार्टिशन करा, लेटर द्या, फायली ठेवा. सी हलवताना जीपार्टेड पार्टिशनची सगळी लांबी उचलतं, फक्त भरलेला भाग नाही. एकाच डिस्कवर वाचणं आणि लिहिणं चालू असताना हेड सारखं पुढे-मागे धावतं. ४५१ जीबीला सेकंदाला ३५ एमबी धरले तरी जवळजवळ चार तास लागतात. मधे वीज गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या, आणि फाइल सिस्टम कुठल्याच जागी पूर्ण नाही.

तरीही करायचंच असेल तर आधी सी आकुंचित करा. समजा ९० जीबी भरलेत, तर सी १२० जीबीचा करा, मग तो १२० जीबीचा तुकडा डावीकडे हलवा, मग उजवीकडे पूर्ण वाढवा. चार तासांचं काम साधारण एका तासावर येतं. लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा.

त्याआधी विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या (हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात) आणि 'सीएचकेडीएसके सी: /एफ' करून मशीन पूर्ण बंद करा. एनटीएफएसवर 'अस्वच्छ' खूण राहिली असेल तर जीपार्टेड पार्टिशनपुढे पिवळा त्रिकोण दाखवतं आणि हात लावत नाही. ते बरोबरच करतं, जबरदस्ती करू नका.

हलवताना 'अलाइन टू एमआयबी' ठेवा. एक्सपीच्या काळातल्या डिस्कवर पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरवर सुरू व्हायचं. ज्या डिस्कचे खरे सेक्टर ४०९६ बाइटचे असतात त्यांवर ते वाकडं बसतं आणि लिहिण्याचा वेग पडतो. २०४८ वर सुरुवात केली की हा प्रश्न राहत नाही.

---

बूटरेकॉर्ड

पुरवणी. एमबीआर डिस्कवर बीसीडी विंडोजचं पार्टिशन डिस्कच्या सहीवरून आणि सुरुवातीच्या अंतरावरून ओळखतं. सी ची सुरुवात हलली की ते अंतर चुकतं आणि ०एक्ससी०००००० मालिकेतली एरर येते, बहुधा शेवटी 'ई' असलेली. डेटा सुखरूप असतो, घाबरून फॉरमॅट मारू नका. इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून तीच बीसीडीबूट कमांड पुन्हा चालवायची. तिथे लेटर बदललेली असतात, सी कदाचित डी असेल. आधी डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम' करून बघा आणि कमांडमध्ये दोन्ही ठिकाणी तेच लेटर घाला.

अजून एक गोष्ट. कंपनीने सुरुवातीच्या सेक्टरमध्ये स्वतःचा बूट कोड टाकलेला असू शकतो. रिकव्हरीची की दाबली जातेय का हे तो बघत बसतो: एचपीत एफ११, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ१०, आसुसमध्ये एफ९. पार्टिशन गेल्यावर हा कोड निरुपयोगी असतो. पेनड्राइव्हच्या बूट फोल्डरातलं 'बूटसेक्ट /एनटी६० सी: /एमबीआर' चालवलं की विंडोजचा साधा कोड येतो. एसरच्या बायोसमध्ये 'डी२डी रिकव्हरी' असेल तर तीही डिसेबल करून ठेवा.

---

नेटकी_मांडणी

जीपीटी (एमबीआरनंतरची नवी पार्टिशन पद्धत) डिस्कवाले हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी. मांडणी सहसा अशी असते: ईएफआय (बूटच्या फायली, १०० ते २६० एमबी), एमएसआर (मायक्रोसॉफ्टने राखून ठेवलेलं, १६ किंवा १२८ एमबी, डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतही नाही), सी, विनआरई (४५० एमबी ते १ जीबी), आणि शेवटी कंपनीचं १० ते २५ जीबीचं. काढायचं असतं ते शेवटचं. लहान विनआरई मायक्रोसॉफ्टचं असतं, कंपनीचं नाही.

ओव्हरराइड ईएफआय पार्टिशनलाही तितक्याच निमूटपणे उडवतं. दुसऱ्या मशीनला जोडलेल्या डिस्कवर तर नक्कीच. 'खात्री आहे का' असं डिस्कपार्ट कधीच विचारत नाही. आकार आणि प्रकार दोन्ही जुळल्याशिवाय एंटर दाबू नका.

इथली अडचण वेगळी: शेवटचं पार्टिशन काढलं तरी मोकळी जागा आणि सी यांच्यामध्ये विनआरई आडवं असतं. मग 'रीएजंटसी /डिसेबल' करून दोन्ही काढा, सी वाढवा आणि विनआरई शेवटी नव्याने बनवा:

सिलेक्ट व्हॉल्यूम सी
श्रिंक डिझायर्ड=१००० मिनिमम=१०००
क्रिएट पार्टिशन प्रायमरी आयडी=डीई९४बीबीए४-०६डी१-४डी४०-ए१६ए-बीएफडी५०१७९डी६एसी
जीपीटी अ‍ॅट्रिब्यूट्स=०एक्स८०००००००००००००१
फॉरमॅट क्विक एफएस=एनटीएफएस लेबल=विनआरई

मग डिस्कपार्टमधून बाहेर पडून 'रीएजंटसी /इनेबल'. १००० एमबी मुद्दाम सांगतेय. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या केबी५०३४४४१ या अपडेटला विनआरई पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागत होती आणि ५०० एमबीच्या जुन्या पार्टिशनांवर ते अडकत होतं.

एमबीआरवाल्यांनी हे जपा: चार प्रायमरी आधीच असताना पाचवं करायला गेलात तर डिस्क मॅनेजमेंट 'डायनॅमिक डिस्क' करायचं का विचारतं. नकार द्या. हो म्हटलं की डिस्कवरच्या सगळ्या पार्टिशनांची पद्धत बदलते, आणि डेटा राखून परत बेसिक करायची सोय विंडोजमध्ये नाही. कंपनीचं पार्टिशन आधी काढलं तर हा प्रश्नच येत नाही.

---

मोकळी_जागा

पहिली डिस्क झाली, डावीकडची जागा वेगळं पार्टिशन करून वापरतोय. आता दुसरी. यूएसबी केसमध्ये घालून लिनक्सचं 'एचडीपार्म -एन' (एन कॅपिटल) दिलं तर आकड्यांऐवजी एरर येते.

---

चकती_वाचक

यूएसबी केसमधली चिप हा आदेश पुढे पाठवत नसेल. बऱ्याच स्वस्त चिप नाही पाठवत. डिस्क थेट साटा किंवा आयडीईच्या कनेक्टरला लावा आणि लिनक्स लाइव्हवरून:

एचडीपार्म -एन /डेव्ह/एसडीबी

८० जीबीच्या डिस्कचे पूर्ण सेक्टर १५६३०१४८८. तुमच्या आकारावरून उत्तर साधारण '१४७९१२८८०/१५६३०१४८८, एचपीए इज एनेबल्ड' असं यावं. फरक ८३८८६०८ सेक्टरांचा, गुणिले ५१२ बाइट, म्हणजे बरोबर ४ जीबी. तुमच्या डिस्कने जो आकडा तिरप्या रेघेनंतर दाखवला असेल तोच वापरा, माझा नको.

आधी तात्पुरतं उघडा, म्हणजे 'पी' न लावता. नंतर कायमचं:

एचडीपार्म -एन पी१५६३०१४८८ /डेव्ह/एसडीबी

नवीन आवृत्त्या यासोबत 'आपण काय करतोय ते मला माहीत आहे' अशा अर्थाचा लांबलचक पर्याय मागतात, तो काय लिहायचा ते संदेशातच दिलेलं असतं. कायमचा बदल डिस्क एकदा वीज मिळाल्यापासून एकदाच स्वीकारते. दुसऱ्यांदा दिलात तर इनपुट-आउटपुट एरर येईल. ती डिस्क खराब झाल्याची खूण नाही. नुसता रीस्टार्ट पुरत नाही, मशीन पूर्ण बंद करून वीज तोडा आणि पुन्हा सुरू करा.

पहिल्याच वेळी एरर आली तर बायोसने सुरू होताना तो आदेश गोठवलेला असतो. मशीन स्लीपमध्ये टाकून उठवलं की काही वेळा गोठणं सुटतं. नाहीतर दुसऱ्या मशीनवर करा.

---

सेक्टर६३

डिस्क जुन्या थिंकपॅडमधली असेल तर त्याच मशीनच्या बायोसमध्ये, सिक्युरिटीखाली 'प्रीडेस्कटॉप एरिया' बघा. डिस्क त्यातच परत बसवणार असाल तर ते डिसेबल हवं.

एचपीए उघडून आत काय आहे बघायचं असेल तर कर्नलला 'लिबएटीए.इग्नोर_एचपीए=१' देऊन बूट करा. डिस्कवर काहीही न लिहिता पूर्ण आकार दिसतो आणि इमेज काढता येते. एचपीए नाही असं उत्तर आलं आणि तरीही आकार कमीच असेल तर 'डीसीओ-आयडेंटिफाय' बघा, तो त्याच्याही खालचा थर आहे. 'डीसीओ-रिस्टोअर' मात्र डिस्क रिकामी असल्याशिवाय वापरू नका.

साठवणीलाच वापरायची आहे, तर एचपीए गेल्यावर विंडोजमध्ये योग्य डिस्क निवडून 'क्लीन', मग 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी', मग 'फॉरमॅट एफएस=एनटीएफएस क्विक' आणि 'असाइन'. 'क्लीन' हे एचपीए काढायच्या आधी करून उपयोग नाही, ते लपलेल्या जागेपर्यंत पोचतच नाही. 'क्लीन ऑल' प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं. ८० जीबीला सेकंदाला ४० एमबी धरले तर साधारण ३५ मिनिटं. ते एकदा चालवाच, कमजोर सेक्टर असतील तर लिहिताना डिस्क ते बदलून टाकते. नंतर नोंद ५ आणि १९७ पुन्हा बघा.

---

मोकळी_जागा

थेट साटाला लावल्यावर १४७९१२८८०/१५६३०१४८८ असंच आलं. पहिल्यांदा एरर, स्लीपमधून उठवल्यावर आदेश लागला. वीज तोडून पुन्हा सुरू केल्यावर दोन्ही आकडे सारखे आणि 'एचपीए इज डिसेबल्ड'. विंडोजमध्ये ७४.५३ जीबी. क्लीन ऑल चालू आहे.

---

चकती_वाचक

उत्तम. क्लीन ऑल संपल्यावर १९७ शून्य आणि ५ पूर्वीइतकाच असेल तर डिस्क वापरात घ्या. ५ वाढला असेल तर आठवड्याने पुन्हा तपासा, तोपर्यंत एकमेव प्रत असलेली कुठलीही फाइल तिच्यावर ठेवू नका.